नाव नोंदलं, पुढे काय?



काल या मंचावर किल्ल्यांवर व्याख्यान झालं, उद्या शेअर बाजारावर आहे. मधला दिवस परिचारिकांच्या नोंदणी कायद्याला मिळाला. संयोजकांना मी विषय कळवला तेव्हा त्यांनी "थोडं सोपं करून सांगा, बाई," एवढंच सुचवलं. माझं निम्मं आयुष्य परिचर्येच्या विद्यार्थिनींना शिकवण्यात गेलं आहे, त्यामुळे सोपं करण्याची सवय आहे. पण हा विषय फार सोपा केला तर खोटा होईल, एवढं आधीच सांगून ठेवते.

तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी दवाखान्यात असतं, तेव्हा डॉक्टर दिवसातून एकदा, फार तर दोनदा येऊन जातात. उरलेला दिवस आणि सगळी रात्र सिस्टर असते. सलाईन तीच लावते, इन्सुलिन तीच मोजते, रात्री रक्तदाब उतरला तर तो आधी तिलाच दिसतो. तिचं नाव राज्याच्या नोंदवहीत आहे की नाही, हे आपल्यापैकी कुणी विचारलंय? विचारत नाही, कारण ते सरकारनं कधीच पाहिलं असणार असं आपण धरून चालतो. सरकार नक्की काय पाहतं आणि काय पाहत नाही, एवढाच आजचा विषय.

नर्सची सरकारी नोंदणी असावी की नसावी, यावरून इंग्लंडमध्ये तीस वर्षं भांडण चाललं. एका बाजूला एथेल गॉर्डन फेनविक. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाची मेट्रन ती चोविसाव्या वर्षी झाली. १८८७ साली तिनं ब्रिटिश नर्सेस असोसिएशन काढली आणि मागणी केली, की ठरावीक शिक्षण, परीक्षा आणि कायद्यानं नोंद असल्याशिवाय कुणालाही स्वतःला नर्स म्हणवता येऊ नये. दुसऱ्या बाजूला, म्हणजे विरोधात, फ्लोरेन्स नाइटिंगेल. दर १२ मे रोजी, बाईंच्याच जन्मदिवशी, हातात दिवा घेऊन शपथ घेणाऱ्या आमच्या मुलींना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. पण बाईंचं म्हणणं वेडगळ नव्हतं. परीक्षेत स्मरणशक्ती कळते, रोग्याशी कशी वागते ते कळत नाही. आणि आज चांगली म्हणून जिचं नाव लिहिलं, ती दहा वर्षांनी तशीच असेल याची हमी वही कशी देणार?

फेनविकबाई जिंकल्या. न्यूझीलंडनं १९०१ मध्ये जगातला पहिला स्वतंत्र कायदा केला आणि जानेवारी १९०२ मध्ये एलेन डॉगर्टी हे नाव वहीत पहिलं चढलं. अमेरिकेत १९०३ साली नॉर्थ कॅरोलायनापासून सुरुवात झाली आणि तिथे हा राज्याराज्याचा विषय राहिला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. इंग्लंडमध्ये कायदा १९१९ ला झाला, नाइटिंगेलबाई गेल्यावर नऊ वर्षांनी. नोंदवही उघडली तेव्हा पहिला क्रमांक खुद्द फेनविकबाईंनी घेतला. विनय हा त्यांचा गुण नव्हताच.

आपल्याकडे मद्रास इलाख्यानं १९२६ मध्ये कायदा केला, मुंबई इलाख्यानं १९३५ मध्ये. १८९१ साली प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव आमच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या भारतीय नर्स म्हणून येतं. म्हणजे काशीबाईंपासून मुंबईच्या कायद्यापर्यंत चाळीसहून अधिक वर्षं गेली. १९४७ च्या डिसेंबरात दिल्लीत भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. देशभर शिक्षण सारखं असावं, हे तिचं काम. नाव नोंदणं आणि काढणं हे राज्यांच्या परिषदांकडे. महाराष्ट्रात १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आला आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद त्याच्याखाली चालते. स्वातंत्र्याच्या सुमारास आधी माणसं मिळणं हाच प्रश्न होता. सरकारनं आरोग्यसेवेच्या पाहणीसाठी नेमलेल्या भोर समितीनं १९४६ मध्ये हिशेब मांडला तेव्हा देशात सुमारे ७,००० नर्स होत्या, साधारण ४३,००० लोकांमागे एक. जिथे नर्सच नाहीत, तिथे त्यांच्यावर देखरेख कशी ठेवायची याचा विचार कोण करणार? आपली सगळी यंत्रणा आत कुणाला घ्यायचं, याच प्रश्नाभोवती वाढली, हे त्यामुळे समजण्यासारखं आहे. ती अजून तिथेच उभी आहे, हे मात्र समजण्यासारखं नाही.

आणि आत घेण्याचं कामही नीट होत नाही, हे शेजारच्या मध्य प्रदेशानं दाखवलं. तिथल्या शेकडो नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेचं प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेलं. इमारत नाही, रुग्णालय नाही, कागदावरचे शिक्षक एकाच वेळी अनेक कॉलेजांत. न्यायालयानं तपास सीबीआयकडे दिला. ३०८ कॉलेजं तपासून १६९ योग्य ठरली. मग मे २०२४ मध्ये, योग्य असल्याचा अहवाल देण्यासाठी लाच घेतल्यावरून सीबीआयच्याच अधिकाऱ्यांना अटक झाली, आणि त्या १६९ कॉलेजांची पुन्हा तपासणी करावी लागली. यात खरी भरडली गेली ती मुलं-मुली. त्यांच्या परीक्षा वर्षानुवर्षं अडकल्या.

अमेरिकेचे गोडवे गाण्याआधी तिथलंही ऐका. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या तपास यंत्रणांनी फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांनी विकलेल्या सुमारे ७,६०० खोट्या पदविका उघड केल्या. यातले दोन हजारांहून अधिक लोक पुढे परवान्याची राष्ट्रीय परीक्षा पास झाले होते. ही परीक्षा संगणकावर घेतात आणि ती अवघड मानतात. या तपासाला नाव दिलं होतं 'ऑपरेशन नाइटिंगेल'. परीक्षेवर भरवसा ठेवू नका म्हणणाऱ्या बाईंचंच नाव.

पण दारावरची चोरी निदान पकडता येते. कागद खरा की खोटा, हे शेवटी कळतं. ज्याचे कागद शंभर टक्के खरे आहेत आणि जो आत काही भलतंच करतो, त्याचं काय? इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

चार्ल्स कलेन. काहींनी २०२२ साली नेटफ्लिक्सवर 'द गुड नर्स' पाहिला असेल, त्यातला तो. हा न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या दोन शेजारी राज्यांत सोळा वर्षं नर्स होता. नऊ रुग्णालयं आणि एक शुश्रूषागृह. रीतसर शिकलेला, रीतसर नोंदलेला. रात्रपाळी मागून घ्यायचा. कुणालाच नको असते ती ड्यूटी हा हसत घेतो, म्हटल्यावर कोणती इन्चार्ज त्याला नाही म्हणेल? आणि तो हृदयाचं डिगॉक्सिन आणि इन्सुलिन यांसारखी, वॉर्डात रोज लागणारी औषधं देऊन रुग्णांना मारत होता. २९ खून सिद्ध झाले. खरा आकडा त्याहून फार मोठा असावा, असं तपास करणारे मानतात.

तो कुठेच संशयात आला नाही असं नाही, आणि याच गोष्टीमुळे माझी झोप उडते. पहिल्याच रुग्णालयात सलाईनच्या पिशव्यांत कुणीतरी छेडछाड केल्याचा तपास सुरू झाला आणि तो तिथून बाहेर पडला. दुसरीकडे लागला. पुढे बेथलेहेम नावाच्या गावातल्या रुग्णालयात, २००२ मध्ये, सुया टाकण्याच्या डब्यात औषधाच्या रिकाम्या कुप्या सापडल्या. तिथे ते औषध वापरायचं कारणच नव्हतं. बरोबरच्या नर्सेसना संशय आला. काही जणी पोलिसांपर्यंत गेल्या. रुग्णालयानं मात्र राजीनामा घेतला आणि पुढे कुणी विचारलं तर फक्त नोकरीच्या तारखा सांगू, बरं-वाईट काही बोलणार नाही, असं ठरलं. काही महिन्यांत तो न्यू जर्सीतल्या सॉमरसेटच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात होता. २००३ च्या जुलैत तिथल्या विषबाधा केंद्रानं रुग्णालयाला स्पष्ट सांगितलं, की तुमच्याकडे कुणीतरी विष घालतंय. पोलिसांना कळवलं ऑक्टोबरात. डिसेंबरात अटक झाली, तीही एमी लॉग्रेन नावाच्या सहकारी नर्सनं औषधांच्या यांत्रिक कपाटाच्या नोंदी पोलिसांना वाचून दाखवल्या आणि त्याला बोलतं केलं म्हणून. मधल्या महिन्यांतही माणसं मेली.

आणि या सगळ्या काळात दोन्ही राज्यांच्या नोंदवह्यांत त्याचं नाव स्वच्छ होतं. वहीनं नियम मोडला नव्हता. वहीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. रुग्णालयांना भीती होती खटल्याची. वाईट बोलावं तर तो आपल्यावर बदनामीचा दावा लावील, गप्प बसावं तर काहीच होत नाही. दोन पर्यायांतला जो फुकट, तो प्रत्येकानं घेतला. २००५ मध्ये न्यू जर्सीनं कायदा करून हे गणित उलटं केलं. चौकशी चालू असताना कुणी राजीनामा दिला तर रुग्णालयानं राज्याला कळवायचं. पुढच्या मालकानं विचारलं तर खरं सांगायचं. प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला दाव्यापासून संरक्षण. कलेनचा कायदा म्हणूनच तो ओळखला जातो.

आता कळवणाऱ्याचं काय होतं ते पाहू. टेक्सासच्या पश्चिम टोकाला कर्मिट नावाचं गाव आहे. २००९ मध्ये तिथल्या काउंटी रुग्णालयातल्या ॲन मिचेल आणि विकिलिन गॅले या दोन नर्सेसनी एका डॉक्टरच्या उपचारांबद्दल राज्याच्या मेडिकल बोर्डाला निनावी पत्र लिहिलं. रुग्णांची नावं नव्हती, फक्त फायलींचे क्रमांक. डॉक्टर गावच्या शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचा, दोस्त. शेरीफनं पत्र कुणाचं ते शोधून काढलं. दोघींची नोकरी गेली आणि सरकारी माहितीचा गैरवापर केला म्हणून फौजदारी गुन्हा दाखल झाला. शिक्षा दहा वर्षांपर्यंत होऊ शकली असती. गॅलेवरचा आरोप मागे घेतला. मिचेलचा खटला चालला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ज्यूरीनं तासाभराच्या आत तिला निर्दोष सोडलं. पुढे शेरीफलाच शिक्षा झाली, डॉक्टरनं परवाना सोडला. शेवट गोड आहे. पण त्या दोघींची घरं त्या वर्षभर कशी चालली असतील, याचा विचार वॉर्डातली प्रत्येक सिस्टर आधी करते, शेवटाचा नंतर.

आपल्याकडे शेरीफ लागत नाही, मेमो पुरतो. एका रुग्णालयातली गोष्ट सांगते. एका सिस्टरनं चुकून शेजारच्या खाटेचं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत तिच्याच लक्षात आलं, तिनं स्वतः डॉक्टरांना बोलावलं, रुग्णाला काही झालं नाही. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देतानाही तिनं ते सांगितलं. दुपारी तिच्या हातात मेमो. त्या रात्री तिच्याकडे किती खाटा होत्या, दोन खाटांवर एकाच आडनावाचे रुग्ण का होते, यातलं एक अक्षर त्या मेमोत नव्हतं. पुढे त्या वॉर्डात चुका झाल्या नसतील का? झाल्याच असतील. कागदावर एकही आली नाही.

म्हणून मला राडोंडा वॉट या बाईचं प्रकरण महत्त्वाचं वाटतं. कलेन हा खुनी होता, त्याच्याबद्दल दुमत नाही. वॉट ही चुकलेली नर्स. डिसेंबर २०१७, टेनेसी राज्यातलं मोठं रुग्णालय. तपासणीआधी एका वृद्ध बाईनं घाबरू नये म्हणून तिला मिडॅझोलाम द्यायचं होतं. कपाटाच्या यंत्रात ते सापडेना, म्हणून वॉटनं यंत्राला बगल दिली, औषधाच्या व्यापारी नावाची पहिली दोन अक्षरं टाकली आणि निघालं व्हेक्युरोनियम, स्नायू लुळे पाडणारं. कुपीवरची सूचना तिनं वाचली नाही. रुग्ण गेली. वॉटनं चूक लगेच कबूल केली. चूक साधी नव्हती, तिथे मी तिची बाजू घेणार नाही. कुपी वाचणं हा आमचा पहिला धडा असतो. पण पुढचं पाहा. मृत्यूचं खरं कारण रुग्णालयाकडून मृत्यूतपासनिसाला नीट कळवलं गेलं नव्हतं. २०१८ मध्ये राज्यानं तिच्याविरुद्धची तक्रार पाहिली आणि कारवाईची गरज नाही असं कळवलं. मग केंद्राच्या तपासणीत प्रकरण बाहेर आलं, वर्तमानपत्रांत गाजलं, २०१९ मध्ये तिला अटक झाली आणि त्याच राज्याचं मत बदललं. २०२१ मध्ये परवाना रद्द. २०२२ मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल ती दोषी ठरली, तीन वर्षांची देखरेखीखालची मोकळीक मिळाली.

आधीचा निर्णय बरोबर की नंतरचा, यावर वाद घालता येईल. माझी तक्रार वेगळी आहे. पुरावा तोच होता. बदलला होता तो फक्त बाहेरचा आवाज. नियामकाचा निर्णय गर्दी पाहून बदलत असेल, तर गर्दी नसलेल्या शंभर प्रकरणांत तो काय करत असेल? त्या निकालानंतर तिथल्या नर्सेस रस्त्यावर उतरल्या. आता चूक सांगायची की वकील गाठायचा, हा त्यांचा प्रश्न होता. केंटकी राज्यानं २०२४ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अनवधानानं झालेल्या चुकांना फौजदारी कारवाईपासून संरक्षण देणारा कायदा केला, तो त्याच भीतीतून.

हे सगळं इतक्या लांबचं का सांगते आहे? कारण आपल्याकडे असं प्रकरण सांगायला मला सापडत नाही, आणि त्याचं कारण आपल्या नर्स जास्त चांगल्या आहेत हे नाही. गुन्ह्यात दोषी ठरलेल्या किंवा व्यावसायिक गैरवर्तन केलेल्या परिचारिकेचं नाव चौकशी करून काढायचा अधिकार परिषदेला आहे. पण आपल्या बहुतेक परिचारिकांना परिषद आठवते ती दर पाच वर्षांनी, नूतनीकरणाच्या वेळी. रुग्णाला तर ती ठाऊकच नाही. सिस्टरची चूक झाली तर आपल्याकडे निलंबन होतं, पोलीस येतात, नाहीतर काचा फुटतात. या तिन्हींपैकी एकाचाही नोंदवहीशी संबंध नाही. निलंबन उठलं, बदली झाली, की प्रकरण संपलं. तिला शिकवायला हवं होतं का, तिच्यावर काही काळ लक्ष ठेवायला हवं होतं का, की तिला या कामातून बाजूलाच करायला हवं होतं, हे प्रश्न विचारणारं कुणी नसतं.

त्यात नोंदवहीतल्या नावांपलीकडचं जग आहेच. तालुक्याच्या गावांतल्या किती दवाखान्यांत बारावी झालेली मुलगी सहा महिन्यांत 'सिस्टर' होते, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. तिच्यावर मी रागवत नाही. तिला महिन्याला जे हातावर टेकवतात, ते ऐकलं तर तुम्हीही रागवणार नाही. मुंबईचा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा सांगतो, की अर्हताप्राप्त परिचारिकांचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते. योग्य म्हणजे किती, हे त्या कलमात आकड्यानं लिहिलं नाही. तेवढ्या फटीतून कितीतरी दवाखाने सुखानं चालत आले.

नोंदवह्यांमधल्या भिंती हाही आपला जुना आजार. केरळची मुलगी मुंबईत कामाला आली की एका परिषदेचा ना-हरकत दाखला आणि दुसरीची नोंदणी, यात तिचे महिने जातात. प्रामाणिक मुलगी अडकते. लबाड माणसाला मात्र याच भिंती आडोसा देतात. एका राज्यानं काय केलं ते दुसऱ्याला कळेल कसं? देशात ३३ लाखांहून अधिक नोंदणीकृत परिचर्या कर्मचारी आहेत असं सरकार सांगतं. त्यातले किती हयात आहेत, किती आखातात नाहीतर आयर्लंडला आहेत, किती जणींनी लग्नानंतर काम सोडलं, हे जुन्या वह्यांतून कळत नव्हतं. म्हणूनच आधारशी जोडलेल्या क्रमांकाची चालू नोंदवही सुरू झाली. तिचं मी स्वागतच करते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा केला. १९४७ चा कायदा तो मोडीत काढतो. २९ सदस्यांचा आयोग, शिक्षणासाठी, मूल्यमापनासाठी आणि नीती व नोंदणीसाठी वेगळी मंडळं, प्रत्येक राज्यानं वर्षभरात आपला आयोग नेमावा अशी तरतूद, एक राष्ट्रीय नोंदवही. नोंद नसताना परिचारिका म्हणून काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा वाईट नाही. जुन्या परिषदांत निवडून आलेल्या परिचारिका असायच्या, आता बहुतेक जागा नेमणुकीच्या, हे मला खटकतं. सरकारच रुग्णालयाचं मालक आणि सरकारच नियामक नेमणारं असेल, तर सरकारी वॉर्डात एका सिस्टरकडे साठ खाटा का, हा प्रश्न नीती मंडळ कुणाला विचारणार?

राज्याच्या आयोगाकडे माझं एक मागणं आहे, आणि ते शिक्षेच्या कलमांबद्दल नाही. दंड नोंद नसलेल्या मुलीला आहे. तिला सिस्टर म्हणून रात्रपाळीला उभं करणाऱ्या दवाखान्याच्या मालकाचं नाव त्याच पानावर यायला हवं. चौकशी चालू असताना गुपचूप राजीनामा घेऊन माणूस पुढच्या गावी पाठवणाऱ्या रुग्णालयाला आपल्याकडे आजही काही द्यावं लागत नाही, ते द्यावं लागायला हवं. स्वतःची चूक स्वतः सांगणाऱ्या सिस्टरला मेमो मिळतो. तिची गोष्ट आधी ऐकावी आणि त्या रात्रीचा ड्यूटी तक्ता मागवावा, असं आयोगाच्या नियमांत लिहिता येतं. त्यासाठी संसदेत जावं लागत नाही, नियम करणाऱ्यांनी मनावर घ्यावं लागतं. आणि निर्णय झाले की ते मराठीत, कारणांसह, कुणालाही वाचता येतील असे छापावेत. म्हणजे निदान परिचारिकांना तरी कळेल, की वहीतलं नाव कशानं जातं आणि कशानं जात नाही.

समोर पाचव्या रांगेत जिल्हा रुग्णालयाच्या काही सिस्टर बसल्या आहेत. ड्यूटी संपवून आल्या आहेत आणि शेवटच्या एसटीला त्यांना परत जायचं आहे. प्रश्नोत्तरांत पहिली वेळ त्यांना द्यावी, अशी अध्यक्षांना विनंती करते आणि थांबते.